‘ब्रेक फेल’ लिहिण्याआधी गाडी कोणत्या गिअरमध्ये होती ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घाटातल्या अपघाताची बातमी आली की ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य तिच्यात ठरलेलेच असते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार असो, बोरघाट असो, कसारा असो किंवा आंबोली, वाक्य तेच. ब्रेक फेल झाले म्हणजे नेमके काय झाले, हे कुणी विचारत नाही आणि त्याआधी गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, हे तर नाहीच. वास्तविक लांब उतारावर गाडीचा पहिला ब्रेक गिअर असतो. चाकांवरचे ब्रेक त्याच्या मदतीला असतात. हे उलटे झाले, की चांगले ब्रेकही दहा मिनिटांत निकामी होतात.

गिअरबॉक्स काय करतो, ते आधी सांगतो. २० दातांच्या चाकाने ६० दातांचे चाक फिरवले, तर दुसरे चाक तिपटीने सावकाश फिरते आणि त्याची पिळण्याची ताकद (टॉर्क) घर्षण सोडले तर तिप्पट होते. पहिल्या गिअरमध्ये गाडी चढ ओढते ती यामुळेच. हाच हिशेब उलट दिशेनेही लागू पडतो, ही गोष्ट मात्र शिकवायची राहून जाते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, की चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन फिरायला जो विरोध करते तो गिअरच्या आणि डिफरेंशियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या दातांच्या चाकांच्या जोडणीच्या) पटीत वाढून चाकांपर्यंत पोचतो. टॉप गिअरमध्ये तो थोडा जाणवतो, खालच्या गिअरमध्ये जास्त. शिवाय खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरेही वाढतात, म्हणून फरक आणखी मोठा होतो.

गिअर ‘टाकणे’ म्हणजे दातांची चाके सरकवून एकमेकांत घालणे, असा अनेकांचा समज असतो. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्याच असतात आणि जोडीतला एक गिअर मेन शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) मोकळा फिरत असतो. लिव्हर हलवली, की सिलेक्टर फोर्क (काट्यासारखा भाग) एक स्लीव्ह, म्हणजे सरकणारे कडे, सरकवतो आणि ती स्लीव्ह त्यातला हवा तो गिअर शाफ्टशी जखडते. जखडण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो. ते काम पितळी सिंक्रोनायझर रिंग करते. ती गिअरच्या निमुळत्या भागावर घासून वेग जुळवते आणि जुळेपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. न्यूट्रलमध्ये कुठलीच स्लीव्ह कशाशी जखडलेली नसते. म्हणजे इंजिन आणि चाके यांच्यात काहीही नाते उरत नाही. क्लच दाबून ठेवला तरी परिणाम तोच.

आता ३० टनांची लोड गाडी घ्या. रस्त्याचा उतार ४ टक्के, म्हणजे १०० मीटर गेल्यावर ४ मीटर खाली. वेग ताशी ४० किमी. एवढ्या वेगाने ही गाडी खाली येताना गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १३० किलोवॉटने पुढे ढकलत असते. टायरचे घर्षण आणि वारा मिळून त्यातले साधारण ३० किलोवॉट खातात. उरलेले १०० किलोवॉट कुणीतरी शोषून घ्यायला हवेत. गाडी गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाचा विरोध वाढवणारी झडप) चालू असेल, तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेते आणि ती उष्णता सायलेन्सर व रेडिएटरमधून बाहेर जाते. न्यूट्रलमध्ये सगळाच्या सगळा बोजा ब्रेक ड्रमवर पडतो. घरातला गिझर २ किलोवॉटचा असतो. असे ५० गिझर एकाच वेळी चालू करून त्यांची उष्णता चाकांच्या ड्रममध्ये सोडली आहे असे समजा, आणि तीही सलग सहा मिनिटे, कारण ४ किमी उताराला एवढा वेळ लागतोच.

ड्रम तापला की फुगतो आणि त्याच्यावर घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो. ब्रेक चेंबरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या) पुशरॉडला, म्हणजे बाहेर ढकलल्या जाणाऱ्या दांड्याला, मग जास्त लांब जावे लागते. ती आधीच सैल असेल, तर चाल संपते आणि पेडल पूर्ण दाबूनही लायनर ड्रमवर नीट टेकत नाही. दुसरीकडे लायनरमधला चिकट राळेसारखा पदार्थ जळून वायू सुटतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड घसरते. चालक घाबरून पेडल पुन्हा पुन्हा मारतो. प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता नुसते चालू) असल्यामुळे कॉम्प्रेसर ती हवा सावकाश भरतो. हवेचा काटा खाली येऊ लागतो. ‘ब्रेक फेल’ म्हणतात ते हे. काही तासांनी ड्रम थंड झाल्यावर कुणी ब्रेक तपासले, तर ते बरेचदा चालू असलेले सापडतात, आणि मग तपासणाऱ्याला वाटते की चालक खोटे बोलतो. तो खोटे बोलत नसतो. त्या क्षणी ब्रेक खरेच नव्हते. ते का नव्हते, याचे उत्तर मात्र चार किलोमीटर मागे, उताराच्या माथ्यावर त्याने लिव्हर मधे आणली त्या जागी असते. एबीएस असले तरी यात काही फरक पडत नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, तापलेला ड्रम थंड करत नाही.

‘वेळ आली तर पुन्हा गिअर टाकू’ हा विश्वासच सर्वांत घातक आहे. वर घेतलेल्या गाडीचे टायर १०.००-२० मापाचे धरा. चाकाचा एक फेरा साधारण ३.२ मीटरचा. ताशी ४० किमीला चाक मिनिटाला सुमारे २०८ फेरे घेते. डिफरेंशियलचे गुणोत्तर ६ असेल, तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) १,२५० फेरे घेतो. चौथ्या गिअरचे गुणोत्तर १.६ असेल, तर इंजिन २,००० फेऱ्यांवर असते. इंजिन ब्रेकिंगसाठी हा आकडा उत्तम आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर याच उतारावर पाऊण मिनिटाच्या आत ती ताशी ४० वरून ८० च्या आसपास जाते. आता तोच चौथा गिअर टाकायचा तर इंजिनाला ४,००० फेऱ्यांवर यावे लागेल. असे इंजिन साधारण २,५०० च्या पुढे फिरवायचे नसते. सिंक्रोनायझरला क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट आयडलच्या सहाशे-सातशे फेऱ्यांवरून क्षणात एवढे वर आणता येत नाहीत. लिव्हर अडते, दात करकरतात, गिअर बसत नाही. चुकून बसलाच, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेबाहेर फिरवतात. गव्हर्नर (इंजिनाचे फेरे आवरणारे यंत्र) फक्त डिझेल बंद करू शकतो, चाकांनी दिलेला वेग तो थांबवू शकत नाही. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, कधी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, तेव्हा तापलेल्या ब्रेकवरचे कामही चौपट होऊन बसलेले असते.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची ती कशासाठी, तर डिझेल वाचवण्यासाठी. या समजाचा नीट हिशेब करायला हवा, कारण तो मालक चालकाला शिकवतो आणि चालक क्लीनरला. कॉमनरेल (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या आजच्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की संगणक (ईसीयू) इंजेक्टर बंद करतो. चाके इंजिन फिरवत आहेत, तर डिझेल कशाला द्यायचे? म्हणजे त्या वेळी खप शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहायचे असते, म्हणून आयडलचे डिझेल द्यावेच लागते. मोठ्या इंजिनाचा आयडलचा खप तासाला साधारण २ लिटर धरला, तर सहा मिनिटांच्या उताराला २०० मिलिलिटर होतात. म्हणजे न्यूट्रलमध्येच डिझेल जास्त लागले. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर उतारावर पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) मागे ओढून डिझेल तोडत असे. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे मोकळी सोडलेली गाडी थोडे इंधन वाचवू शकते. पण जिथे ब्रेक लावावा लागतो तिथे एक थेंबही वाचत नाही. ब्रेक लावावा लागणे हीच उतार सौम्य नसल्याची खूण.

इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचे नुकसान त्याहून मोठे. कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होते. गिअरबॉक्सच्या आतही एक नुकसान होते. मेन शाफ्टखालचा काउंटर शाफ्ट इंजिनाकडून फिरतो आणि त्याचे दात तळातले तेल वर उडवतात. इंजिन बंद असले, की काउंटर शाफ्ट थांबतो, पण मेन शाफ्ट मात्र चाकांमुळे जोरात फिरत राहतो. त्याच्यावरची नीडल बेअरिंगे आणि बुश कोरडे घासतात. बिघडलेला ट्रक टो करताना प्रोपेलर शाफ्ट सोडतात, त्याचे कारण हेच आहे. कारमध्ये इंजिन बंद झाले, की ब्रेक बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरतो. पुढे पेडल दगडासारखे होते. आणि किल्ली चुकून लॉकपर्यंत फिरली, तर स्टिअरिंगच अडकते.

मग उतरायचे कसे? जुन्या चालकांचा नियम असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आजची इंजिने ताकदवान झाल्यामुळे गाडी चौथ्यात चढते तिथे लोड असेल तर तिसऱ्यात उतरवणे बरे. गिअर उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच निवडायचा. उतारात शिरल्यावर खाली आणायचाच असेल, तर आधी ब्रेकने वेग कमी करून मग. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून त्याचा नुसता विरोध कमी पडतो. आत दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते आणि कमावलेले जाते. एक्झॉस्ट ब्रेक धुराच्या पाइपातली झडप बंद करून पिस्टनला बाहेर टाकायच्या हवेविरुद्ध झगडायला लावतो, म्हणून तो फेरे जास्त असतानाच खरे काम करतो. टॅकोमीटरचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असू द्या, लाल पट्ट्याला मात्र शिवू देऊ नका. क्लच दाबला की एक्झॉस्ट ब्रेक सुटतो, हेही लक्षात असू द्या.

चाकांचे ब्रेक कसे वापरायचे, यावर घाटात दोन मते ऐकू येतात. पाय हलका ठेवून सतत टेकवणे मला चूक वाटते. ड्रमला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेला, समजा ताशी ४० ला, पोचला की तीन-चार सेकंद दमदार ब्रेक लावून तो ३० च्या आसपास आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तेच. गिअर योग्य निवडला असेल, तर ही गरज फार वेळा पडत नाही. दर अर्ध्या मिनिटाला ब्रेक लावावा लागत असेल, तर तुम्ही एक गिअर वर आहात.

घाटाआधी स्लॅक ॲडजस्टर (पुशरॉडची चाल कमी-जास्त करणारा भाग) तपासायला दहा मिनिटे लागतात. सपाट जागी गाडी उभी करून चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा, हवा पूर्ण भरू द्या, पार्किंग ब्रेक सोडा. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने पुशरॉडवर खडूने खूण करून चाल मोजायची. ‘३०’ क्रमांकाच्या चेंबरला ती साधारण ५० मिमीपेक्षा जास्त असेल, तर ब्रेक सैल आहेत. हाताने आवळायच्या ॲडजस्टरचा स्क्रू लायनर ड्रमला लागेपर्यंत फिरवून पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. एका ॲक्सलची दोन्ही बाजूंची चाल सारखी असली पाहिजे.

गिअरबॉक्समधला एक दोष उतारावर जिवावर बेततो, तो म्हणजे गिअर उडणे. चढावर जोर एका बाजूने येतो म्हणून झिजलेला गिअर टिकून राहतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, की जोर उलटतो आणि लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये येते. कारणे अशी: स्लीव्हच्या किंवा गिअरच्या कुत्तादातांच्या (एकमेकांत अडकून जखडणाऱ्या दातांच्या) कडा गोल झालेल्या, सिलेक्टर फोर्क झिजलेला किंवा वाकलेला, रॉडला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग कमजोर. कित्येक चालक यावर लिव्हर हाताने दाबून धरण्याचा उपाय करतात. त्याने फोर्क स्लीव्हवर सतत घासतो आणि महिनाभरात दोष दुप्पट होतो. अशी गाडी घाटात नेऊच नये. गिअर बदलताना करकर होत असेल, तर आधी क्लच नीट सुटतो का पाहा, मग सिंक्रोनायझर रिंग. तेलाचीही चूक अनेकदा असते. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सला कंपनी जीएल-४ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० तेल सांगते आणि डिफरेंशियलला जीएल-५. एकच डबा दोन्हीकडे ओतला, की जीएल-५ मधली द्रव्ये काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातात. पातळी बाजूच्या प्लगच्या काठापर्यंत, बोट घालून तेल लागेल इतकी हवी.

कारवाल्यांनी हे सगळे ट्रकपुरते समजू नये. भरलेली कार घेऊन ताम्हिणी किंवा आंबेनळी उतरताना तिसरा, तीव्र वळणांवर दुसरा गिअर हवा. डिस्कचे कॅलिपर तापले, की ब्रेक ऑइल उकळू शकते. नवे डॉट-३ तेल २०५ अंशांना उकळते, पण ते हवेतले पाणी शोषते आणि मग तेच १४० अंशांच्या आसपास उकळू लागते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, म्हणून पेडल थेट जमिनीला टेकते. दोन वर्षांतून एकदा हे तेल बदलायला किरकोळ खर्च येतो. कोकणातल्या दमट हवेत तर तो टाळूच नये.

ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर नसतात असे नाही, निवडणारा बदलतो एवढेच. पाय उचलला, की पुष्कळ गाड्या उलट वरचा गिअर टाकतात आणि उतारावर नेमके तेच नको असते. एएमटी (साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी गाडी) असेल तर लिव्हर ‘एम’वर घेऊन उणे चिन्हाकडे ढकलून दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा. सीव्हीटी (पट्ट्याच्या) किंवा टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या जोडणीच्या) ऑटोमॅटिकला ‘एल’, ‘एस’, ‘२’ यांपैकी जे असेल ते. चालत्या गाडीत ‘एन’ मात्र कधीच नाही. विजेवरच्या गाडीत मोटरच जनरेटर होऊन वेग आवरते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर वीज ठेवायला जागा नसते आणि हे आवरणे बरेच कमी होते. महाबळेश्वरसारख्या उंचावरच्या ठिकाणी पूर्ण चार्ज करायची सवय असते. खाली उतरायचे असेल तर दहा-पंधरा टक्के जागा ठेवून निघा.

स्कूटरमध्ये पट्टा आणि व्हेरिएटर (वेगाप्रमाणे गुणोत्तर आपोआप बदलणारी पुली) असतो. तिचा सेंट्रिफ्युगल (फिरण्याच्या जोराने जुळणारा) क्लच कमी वेगाला सुटतो, म्हणजे अगदी हळू उतरताना इंजिनाची मदत संपते आणि सगळे ब्रेकवर येते. म्हणून डबलसीट उतरताना दोन्ही ब्रेक आलटून-पालटून वापरा, मधे थांबून ड्रम निवू द्या. इंजिन बंद करून स्कूटर घरंगळत नेण्याची सवय तर मुलांना पहिल्या दिवशीच सोडायला लावायला हवी.

आता मागणी. घाटाच्या माथ्यावर ‘सावकाश चालवा’ असे फलक पुष्कळ आहेत. त्याऐवजी उताराची लांबी, टक्केवारी आणि ‘अवजड वाहनांनी इथेच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रल करू नये’ असा फलक मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावावा. तो उताराच्या मधे नव्हे, माथ्याच्या अर्धा किलोमीटर आधी हवा, म्हणजे गिअर बदलायला वेळ मिळेल. अवजड वाहनाच्या परवान्याची परीक्षा बरेचदा सपाट मैदानावरच उरकते. तिच्यात उतारावर गिअर निवडण्याची चाचणी प्रत्यक्ष घ्यावी. अपघाताच्या पंचनाम्यात लिव्हर कोणत्या गिअरमध्ये होती, एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच चालू होता का, प्रत्येक चाकाच्या पुशरॉडची चाल किती भरली आणि ड्रमवर जळाल्याच्या निळसर खुणा आहेत का, या चार गोष्टी नोंदवाव्यात. आपल्या वार्ताहरांनीही घटनास्थळी हेच चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
वाहनदुरुस्ती विषयाचा एक प्रशिक्षक, सातारा